वर्षावनात सरीसृपांचे रात्र-सर्वेक्षण कसे करावे

उष्णकटिबंधीय वर्षावनात सरीसृपांचा अभ्यास म्हणजे साप पकडणे, असा नवख्या अभ्यासकांचा बहुधा समज असतो. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग शोधण्यात जातो आणि तासन्‌तास शोधूनही हाती काही न लागलेल्या रात्री त्यात पुष्कळ असतात. अशा रिकाम्या रात्रींची नोंदही काटेकोरपणे ठेवणे, ही सवय पहिल्या फेरीपासून लावून घ्यावी.

पनामातील एल कोपे येथील उदाहरण या दृष्टीने फार मोलाचे आहे. तेथे २००४ मध्ये कायट्रिड बुरशीमुळे बेडकांचा मोठ्या प्रमाणावर नाश झाला. त्याआधी आणि नंतर अनेक वर्षे ठरावीक वाटांवरून सर्वेक्षणे झालेली असल्यामुळेच, बेडकांमागोमाग तेथील सापांची विविधताही घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवता आले. वर्षावनातील सापांच्या अनेक जाती वर्षानुवर्षांत मोजक्याच वेळा दिसतात. काहीच न दिसलेल्या फेऱ्या वहीत उतरल्या नसत्या, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता.

सर्वेक्षणाची वाट दिवसा निवडावी, तिच्यावर खुणा कराव्यात आणि पडलेली झाडे, निसरडे उतार व गांधीलमाश्यांची पोळी दिवसाउजेडीच पाहून ठेवावीत. रात्री एकट्याने कधीही जाऊ नये. निघताना वेळ, शोधणाऱ्यांची संख्या, पावसाची स्थिती आणि तापमान लिहावे; प्राणी मोजण्यासाठी थांबल्यास तेवढा वेळ शोधाच्या वेळेतून वजा करावा, कारण पुढे दोन रात्रींची तुलना दर माणशी तासाच्या हिशेबानेच होते.

हेडटॉर्च डोळ्यांच्या जवळ असावा, म्हणजे प्रकाश नजरेच्या रेषेतच पडतो. पालापाचोळ्यात लुकलुकणारे बारीक ठिपके बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. बहुतेक साप अशा चमकीने सापडत नाहीत, ते आकारावरून ओळखावे लागतात. दिवसा वावरणारे अनेक सरडे रात्री पानांच्या टोकांवर किंवा अगदी बारीक डहाळ्यांवर झोपतात, कारण शिकारी जवळ आला की डहाळी हलते आणि सरडा जागा होतो. टॉर्चच्या प्रकाशात त्यांचे अंग आसपासच्या पानांपेक्षा फिकट दिसते. एकदा ही नजर बसली की, दिवसा निर्जीव वाटलेल्या झुडपात चार-दोन सरडे सहज दिसू लागतात, आणि हा आनंद मला या कामातला सर्वांत मोठा वाटतो.

प्राणी दिसताच हात लावू नये. तो जमिनीपासून किती उंचीवर आहे, कशावर बसला आहे, डोके कोणत्या दिशेला आहे आणि तेथील हवेचे तापमान किती आहे, हे आधी लिहावे. घनदाट सावलीत राहणारे वर्षावनातील कित्येक सरडे ऊन खात बसत नाहीत; त्यामुळे त्यांना थोडीशी तापमानवाढही जड जाऊ शकते. म्हणूनच जवळच्या हवामान केंद्रातला आकडा येथे पुरेसा नाही. प्राणी जेथे बसला होता, तेथलेच तापमान हवे.

मोजमापासाठी सरड्याला कापडी पिशवीत घालून तोलावे आणि पिशवीचे वजन वजा करावे. तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी आणि शेपटीची लांबी वेगवेगळी लिहावी, शेपूट तुटून पुन्हा वाढलेली असल्यास तसे नमूद करावे. सरड्याला शेपटीने कधीही धरू नये. काम होताच त्याला त्याच डहाळीवर सोडावे.

विषारी साप प्रशिक्षित व्यक्तीनेच, तेही आवश्यक असेल तरच, हुकच्या साहाय्याने हाताळावेत. इतरांनी लांबून छायाचित्र घ्यावे. सापाच्या पिशवीत हात घालणे, मग आतला साप बिनविषारी असल्याचे कोणी खात्रीने सांगितले तरीही, पूर्णपणे वर्ज्य मानावे. २००१ मध्ये म्यानमारच्या दुर्गम उत्तर भागात जोसेफ स्लोविन्स्की या अनुभवी सर्पतज्ज्ञाचा मण्यारीच्या दंशाने असाच मृत्यू झाला. त्या मण्यारीसारखाच दिसणारा एक बिनविषारी साप पिशवीत असल्याचा समज झाला होता. म्हणून जंगलात शिरण्यापूर्वीच प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे, तेथवर पोहोचण्यास किती वेळ लागतो आणि निरोप कसा द्यायचा, हे ठरवून ठेवावे. दंश झाल्यास जखम कापू नये, विष चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. अवयव न हलवता रुग्णालय गाठावे. मण्यारीच्या दंशाने फारसे दुखत नाही, त्यामुळे वेदना नाही म्हणून थांबणे जिवावर बेतते.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बूट, हुक आणि पिशव्या धुऊन निर्जंतुक कराव्यात, कारण चिखलातून बुरशी पसरू शकते.

निष्कर्ष प्रसिद्ध करताना दुर्मीळ जातींचे नेमके अक्षांश-रेखांश उघड करू नयेत. चीन-व्हिएतनाम सीमाभागातील गोनियुरोसॉरस लुई या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी तिला तिच्या मूळ ठिकाणाहून जवळजवळ संपवले. लेखात प्रदेशाचे नाव पुरेसे असते. अचूक ठिकाण संग्रहालयाच्या आणि वन विभागाच्या बंद नोंदींतच द्यावे.