नकाशात आधी नदी शोधावी: डोंगराळ ग्रामीण भागातील सायकल प्रवासाविषयी

डोंगराळ भागात सायकलने जायचे ठरले की बहुतेक जण आधी किलोमीटर मोजतात. सपाट प्रदेशात ही सवय चालून जाते, डोंगरात मात्र तीच दिवस बिघडवते. ८० किलोमीटरचा एक रस्ता दुपारच्या आत संपतो आणि तेवढ्याच लांबीचा दुसरा दिवस मावळला तरी संपत नाही, कारण दोहोंमधला फरक अंतरात नसून एकूण चढाईत असतो. म्हणून नकाशा उघडल्यावर गावे आणि रस्ते पाहण्याआधी नद्या पाहाव्यात. रस्ता नदीच्या काठाने किती अंतर जातो आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात किती वेळा ओलांडून जातो, एवढे कळले की दिवसाचा निम्मा अंदाज हाती येतो.

नदीवरून रस्ता ओळखणे

उगमाजवळ नदी तीव्र उताराने वाहते आणि खाली येता येता तो उतार कमी होत जातो. प्रवाहाच्या उलट दिशेने जाणाऱ्या रस्त्याचा स्वभावही तसाच असतो: सुरुवातीचे कित्येक किलोमीटर तो जवळजवळ सपाट वाटतो, मग चढ नकळत दोन-तीन टक्क्यांवर (१०० मीटर अंतराला दोन-तीन मीटर उंची) येतो आणि खरी चढण खिंडीआधीच्या शेवटच्या काही किलोमीटरांत साठून राहिलेली असते. नवखा सायकलस्वार या सुरुवातीला फसतो. पाय ताजे असतात, रस्ता सोपा वाटतो, वेग चढतो, आणि जिथे ताकद लागणार तिथे ती संपलेली असते. नदी वरच्या दिशेने चढत जाताना पहिल्या टप्प्यात मुद्दाम हात राखून चालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काठाचा रस्ता सपाटच असेल असे मात्र गृहीत धरू नये. नदी अरुंद घळईत शिरते तिथे रस्त्याला काठच उरत नाही, त्यामुळे तो नदी सोडून वर चढतो आणि घळई संपल्यावर पुन्हा खाली येतो. नदी मोठे वळण घेते तिथे रस्ता बहुधा त्या वळणाच्या गळ्यातून आडवा निघतो आणि मधली टेकडी ओलांडतो. सर्वांत फसवा रस्ता डोंगरउतारावर, नदीपासून थोड्या उंचीवर कोरलेला असतो. तो प्रत्येक ओढ्यापाशी आत वळतो, पुलापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. असा एकेक चढ ३० मीटरचा धरला तरी दहा ओढ्यांचे ३०० मीटर होतात, आणि दोन टोकांच्या उंचीतील फरक पाहून ते कधीच लक्षात येत नाहीत.

समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा वाचता येत असेल तर हे सगळे घरी बसूनच कळते. ओढा किंवा नदी ओलांडताना या रेषा टोकदार होतात आणि ते टोक नेहमी उगमाकडे रोखलेले असते. रेषांमधील अंतर २० मीटर उंचीचे असेल आणि रस्त्याच्या एका किलोमीटरमध्ये वर चढताना पाच रेषा ओलांडल्या जात असतील, तर तो चढ सरासरी दहा टक्क्यांचा आहे, म्हणजे १०० मीटर अंतराला १० मीटर उंची.

आता वेळेचा हिशेब. ८० किलोमीटरच्या फेरीत एकूण १,२०० मीटर चढाई आहे असे समजू. चढ सरासरी सहा टक्क्यांचा असेल तर २० किलोमीटर चढणीचे आणि साधारण तेवढेच उताराचे धरावेत. चढणीवर ताशी ९ किलोमीटर, उतारावर ३५ आणि उरलेल्या ४० किलोमीटरवर २२ असा वेग धरल्यास सव्वादोन तास, अर्धा-पाऊण तास आणि पावणेदोन-दोन तास, मिळून सुमारे साडेचार ते पाच तास होतात. थांबे वेगळे. उतारावर वेळ भरून निघेल ही आशा या हिशेबात टिकत नाही, कारण चढणीवर गेलेल्या वेळेपैकी फारच थोडा वेळ उतार परत करतो.

वाऱ्याचाही विचार करावा. निरभ्र, स्थिर हवामानात दिवसा उन्हाने डोंगरउतार तापतात आणि वारा खोऱ्यातून वरच्या दिशेने वाहतो, तर रात्री थंड झालेली जड हवा खाली उतरते. त्यामुळे दुपारी उगमाकडे जाताना वाऱ्याची साथ मिळू शकते आणि त्याच वेळी खाली परतताना तो तोंडावर येतो.

गिअर आणि टायर

डोंगरासाठी सायकल निवडताना वजनाची चर्चा फार होते, सर्वांत हलक्या गिअरची, म्हणजे ज्यावर पेडल सर्वांत सहज फिरते त्याची, मात्र फारशी होत नाही. प्राधान्य याच्या उलट हवे. पुढची लहान चक्री ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चक्रीही ३४ दात्यांची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते. नेहमीच्या रोड बाइकच्या चाकाचा घेर २८ मिलिमीटर टायरसह सुमारे २.१ मीटर असतो, म्हणजे मिनिटाला ७० फेऱ्या मारल्यास वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो. मागची मोठी चक्री २५ दात्यांची असेल तर त्याच वेगाला फेऱ्या ५० वर घसरतात, प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर द्यावा लागतो आणि त्याचा ताण गुडघ्यांवर येतो. सायकल आणि सामानासह ८५ किलो वजन आठ टक्क्यांच्या चढावर ताशी ८ किलोमीटर वेगाने न्यायला सुमारे १६० वॅट शक्ती लागते. ती कमी करण्याचा उपाय म्हणजे वेग कमी करणे, आणि हलका गिअर नसेल तर वेग कमी केल्यावर पेडल फिरतच नाही.

हलका गिअर लावण्यात कमीपणा मानणारे लोक पूर्वीही होते. टूर द फ्रान्स या शर्यतीत डिरेलर गिअरला (चालवता चालवता चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) १९३७ साली परवानगी मिळाली. त्याआधी चढाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रीवर चेन चढवायची, असा प्रकार चाले. फ्रान्समधील पॉल द विवी, म्हणजेच ‘व्हेलोसिओ’, यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून सायकल पर्यटकांसाठी बहुगिअरी सायकलींचा पुरस्कार केला होता. शर्यतीचे नियम आणि प्रवाशाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी वेळेत ओळखले.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत. मध्यम वजनाच्या व्यक्तीला २८ मिलिमीटर टायरमध्ये साधारण ६५ ते ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा पुरते, ३२ मध्ये त्याहून कमी. दगडदगड हवा भरलेले टायर वेगवान वाटतात, पण खडबडीत रस्त्यावर ते उसळतात आणि पकड गमावतात.

चढ आणि उतार

चढाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. बोलताना पूर्ण वाक्य तुटणार नाही इतक्या दमाने चढावे, गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा, आणि तीव्र वळणावर आतली बाजू सर्वांत उभी असते हे लक्षात ठेवून, मागून-पुढून वाहन नसल्याची खात्री झाल्यावरच आपल्या लेनमध्ये बाहेरच्या कडेकडे राहावे. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, हा व्हेलोसिओ यांचा सल्ला आजही तसाच लागू आहे.

उतार मात्र शिकावा लागतो. ८५ किलो वजन ३०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. वेगात ती बरीचशी हवेच्या अडथळ्यात खर्च होते, पण ब्रेक सतत हलका दाबून रांगत उतरल्यास जवळजवळ सगळी उष्णता रिममध्ये (चाकाच्या बाहेरच्या कड्यात) किंवा ब्रेकच्या डिस्कमध्ये साठते. रिम अति तापल्यास ट्यूब फुटू शकते. म्हणून ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर, ठामपणे आणि थोडा वेळ लावावा, वेग पुरेसा उतरला की सोडावा आणि मग वळावे. हात हँडलच्या खालच्या भागात असावेत, बाहेरच्या बाजूचे पेडल खाली असावे आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे सुटते तिथे ठेवावी. थांबण्याची ताकद मुख्यतः पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण ओल्या किंवा वाळू पसरलेल्या जागी तो जपून वापरावा. वेग ताशी ४० वरून ६० झाला तर थांबायला लागणारे अंतर दीडपट न वाढता सव्वादोन पट होते, एवढे आठवले तरी हात आपोआप ब्रेककडे जातो. ग्रामीण रस्त्यावर वळणापलीकडे ट्रॅक्टरने सांडलेला चिखल, उभी गुरे किंवा कुत्रा असू शकतो. दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल, तोच योग्य वेग.

जुन्या गावात शिरताना

जुनी गावे नदीच्या संबंधाने दोन ठिकाणी आढळतात. काही नदी पायी ओलांडता येईल अशा उथळ जागेजवळ किंवा पुलाजवळ वसली, कारण नदी ओलांडणारा प्रत्येक जण तिथे थांबत असे. काही संरक्षणासाठी टेकडीच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत वसली. पहिल्या प्रकारच्या गावात आपण उतरत शिरतो आणि बाहेर पडताना चढतो. दुसऱ्या प्रकारच्या गावाचा शेवटचा किलोमीटर हाच बहुधा दिवसातला सर्वांत उभा चढ असतो, कारण वेशीपर्यंत पोहोचणे अवघड असावे हाच त्या जागेचा हेतू होता. मुक्काम अशा गावात असेल तर त्या चढासाठी थोडी ताकद आणि पाणी शिल्लक ठेवावे.

गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी आणि गाड्या-जनावरांसाठी आखलेल्या असतात. कोपऱ्यापलीकडचे दिसत नाही, दरवाजे थेट रस्त्यावर उघडतात. घंटी वाजवत, चालण्याच्या वेगाने जावे, आणि गर्दी असेल तर सरळ उतरून सायकल हाताने न्यावी. दगडी फरसबंदी शतकानुशतकांच्या वापराने गुळगुळीत झालेली असते आणि पाऊस पडल्यावर तिच्यावर ब्रेक, वळण किंवा एकदम जोर, काहीच खपत नाही. हँडल सैल धरावे, सायकलला थोडे नाचू द्यावे आणि पेडल एकसारखे फिरवत राहावे. प्रवासाच्या दिशेला समांतर असलेल्या गटाराच्या जाळ्या आणि दगडांमधल्या फटी टायर गिळतात. त्या तिरक्या न ओलांडता शक्य तितक्या काटकोनात ओलांडाव्यात.

कमानीच्या जुन्या पुलांचा मध्य उंच असतो आणि माथ्यापलीकडून येणारे वाहन दिसत नाही. रुंदीही बहुधा एका वाहनापुरतीच असते. समोरून कोणी आधी शिरले असेल तर काठावर थांबावे, पुलाच्या मध्यावर फोटोसाठी थांबू नये. लाकडी फळ्यांचे आणि लोखंडी पट्ट्यांचे पूल ओले असताना बर्फासारखे निसरडे असतात. तिथे पाऊण मिनिट पायी चालल्याने काही बिघडत नाही.

नदीकाठच्या गावातून सकाळी निघताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रात्री थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि पहाटे तिथेच धुके असते, तर वर खिंडीजवळ लख्ख ऊन असू शकते. एरवी मात्र उंचीबरोबर तापमान दर १०० मीटरला सरासरी ०.६५ अंशाने उतरते. चढताना अंग घामाने भिजलेले असते आणि पलीकडे उतरताना तोच घाम अंग गारठवतो, बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही. म्हणून वाराप्रतिबंधक जॅकेट आणि हातमोजे बॅगेच्या तळाशी न ठेवता सहज हाताला लागतील असे ठेवावेत, ते खिंडीतच, उतार सुरू होण्याआधी चढवावेत, आणि खाली धुके दिसत असेल तर पुढचा-मागचा दिवा तिथूनच लावून निघावे.