प्राचीन पशुपालक योद्ध्यांबद्दल लिहिताना या चुका टाळा

युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा विषय निघाला की बहुतेकांची लेखणी घोडा, रथ आणि तलवार यांतच घोटाळते.

पहिली चूक काळाची. यामनाया लोक इ.स.पू. 3300 ते 2600 च्या सुमारास काळ्या समुद्राच्या उत्तरेला गुरं-मेंढ्या घेऊन गाड्यांतून फिरत. आऱ्यांच्या चाकांचे रथ मिळतात ते नंतरच्या, उरल पर्वताच्या दक्षिणेकडील सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत, इ.स.पू. 2000 च्या आसपास. यामनायांना रथात बसवलेलं दिसलं, तर तो लेख जपून वाचा.

याहून मोठी चूक म्हणजे, संस्कृत, ग्रीक आणि जुनी इराणी या भाषांचं मूळ ज्यांच्या बोलीत मानलं जातं त्या या पशुपालकांची पुढची सगळी मूल्यं तलवारीतून आली असं मानणं. गुरं हे पायांवर चालणारं धन. एका रात्रीत कुणीही हाकून नेईल. ऋग्वेदात लढाईला ‘गविष्टि’ म्हणतात, म्हणजे गायींची इच्छा! त्याच ग्रंथात (1.9.7) इंद्राकडे मागितलेलं ‘श्रव’, म्हणजे कीर्ती, गायींनी भरलेलं आहे आणि ‘अक्षित’, म्हणजे न सरणारंही आहे. इलियड या ग्रीक महाकाव्यात वीर अकिलीझपुढे दीर्घायुष्य की ‘क्लेओस आफ्थितोन’ असा पेच आहे. तीच अक्षय कीर्ती, शब्दही त्याच मुळांचे. गोठा रिकामा होण्याची धास्ती कायम असलेल्या समाजाला कीर्ती एवढी का हवी होती, हे मला इथे कळतं.

दिलेल्या शब्दाचंही तसंच. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला देव मिथ्र विस्तीर्ण कुरणांचा स्वामी आहे आणि कराराचा रक्षकही. दुष्टाला दिलेला शब्दसुद्धा मोडू नका, असं त्याच्या स्तोत्रात बजावलं आहे. अवेस्तातल्याच गाथा नावाच्या जुन्या स्तोत्रांमध्ये तर (यस्न 29) गायीचा आत्माच टाहो फोडतो: मला कुणासाठी घडवलंत? क्रोध आणि हिंसेने मी गांजले आहे. लुटारूपणाविरुद्धचा हा आवाज पशुपालकांच्याच घरातून उठला. तो वगळून त्यांना निव्वळ लढवय्ये ठरवणं अन्यायाचं आहे.

भाषा पसरली म्हणजे वंश पसरला, असं समीकरणही मांडू नका. भाषा लोक शिकतातही.

आपल्याकडचे वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्या वीरांचे स्मृतिदगड, पाहताना मोह आवरा. खालच्या चौकटीत गायी, वर लढणारा वीर, त्याला नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. हे पाहून थेट सिंताश्ताशी धागा जोडावासा वाटतो. पण दख्खनला गुराख्यांची स्वतःची जुनी परंपरा आहे. रायचूर-बेल्लारीकडे नवाश्मयुगीन लोकांनी जाळलेल्या शेणाचे राखेचे ढिगारे अजून उभे आहेत.