हातांवर खूण करा

अमेरिकन लेखिका विला कॅथरची ‘अ वॅग्नर मॅटिनी’ ही १९०४ची कथा अभ्यासाला असेल, तर पहिल्या वाचनात सारांश लिहू नका. पेन्सिल घ्या आणि जिथं जिथं जॉर्जियानाचे हात येतात तिथं खूण करा. बॉस्टनला संगीत शिकवणारी ही बाई लग्न करून नेब्रास्काच्या ओसाड माळावर गेली. तीस वर्षांनी बॉस्टनला येऊन मैफलीला बसली, तर कष्टानं वाकडी झालेली तिची बोटं काळ्या पोशाखावर आपोआप पियानो वाजवू लागतात. इथं थांबा, मोठ्यानं वाचा.

माझी आत्या मिरजेची, दिली जतकडं. माहेरी आली की तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून हात फिरवायची, तारेला मात्र बोट लावायची नाही. तुम्हालाही असं कुणी आठवलं, तर समासात लिहा.

मग वॅग्नर या जर्मन संगीतकाराच्या ‘टॅनहॉयझर’ ऑपेराचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, ऐका, मैफल त्यानंच सुरू होते. घरी राहिलेलं अशक्त वासरू आणि उघडलेला मासळीचा डबाही सोडू नका, बॉस्टनमध्येही तिचा जीव त्यांतच अडकलाय. शेवटी तिला उठवत नाही. सभागृहाबाहेर तिच्यासाठी काय काय उभं आहे, तो परिच्छेद वहीत जसाच्या तसा उतरवून काढा: तळं, बिनरंगाचं घर, फडकी वाळत घातलेली वाकडी झाडं, पिसं झडलेल्या टर्की.