परसातली फळझाडं: फळाआधी रोग आणि खुंट बघा

मृगाच्या तोंडावर आठवडी बाजारात रोपांचे टेम्पो लागतात. रोपाला लटकवलेला फळाचा रंगीत फोटो बघून आपण पैसे मोजतो. यंदा त्याआधी दोन गोष्टी विचारा. ह्या जातीवर कोणता रोग येतो आणि कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, बांधलंय? परसातल्या झाडावर दर पंधरा दिवसांनी औषध मारणं होत नाही. मारूही नये, त्याच झाडाखाली लेकरं खेळतात. म्हणून जातच सोसणारी हवी.

टेम्पोत नासपतीचंही रोप असतं. तिला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते. परभणीत एखाद्या पहाटे पारा तिथवर उतरतो, पण दुपारी पुन्हा ऊन तापतं. झाड वाढेल, फळाची आशा धरू नका.

घराला सगळ्यात उपयोगी झाड लिंबोणीचं, आणि तिचा खरा वैरी खैऱ्या रोग. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं कडं. बोट फिरवलं तर पानाच्या दोन्ही बाजूंनी लागतो. पुढं तोच फळावर आणि काडीवर जातो. नागअळीनं कोवळं पान पोखरलं की त्या जखमेतून तो लवकर शिरतो. साधी कागदी लिंबोणी याला फार बळी पडते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात खैऱ्या आणि ट्रिस्टेझा हा विषाणूरोग दोन्ही बऱ्यापैकी सोसते. आपल्या परभणीच्या विद्यापीठाची प्रमालिनीही खैऱ्याला सहनशील आहे. सहनशील म्हणजे रोग येणारच नाही असं नव्हे, कमी येतो. रोगट काड्या पावसाआधी छाटून जाळायच्याच.

लिंबाला कलमच पाहिजे हा हट्ट नको. एका बीतून दोन-तीन रोपं फुटतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच निघतात. एकसारखी जोमदार रोपं निवडा, वेगळं दिसणारं किरटं रोप सोडून द्या.

मोसंबीत मात्र सगळा खेळ खुंटाचा. आमच्या दारातली मोसंबी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढली. सावलीला ओटा हवा म्हणून आम्ही बुंध्याला माती चढवली, कलमाचा डोळा, म्हणजे खुंटाला कलम जोडलेली जागा, गाडला गेला. दोन पावसाळ्यांत सालीतून मधासारखा डिंक गळायला लागला. नखानं साल खरवडली तर आत काळपट, कुजकी. सातव्या वर्षी भर बहारात झाड वाळलं. मला ते अजून लागतं, कारण चूक साधी होती. रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं न्युसेलर या जातीच्या मोसंबीचं कलम घ्या. डिंक्याला, म्हणजे ह्याच डिंक गळण्याच्या रोगाला, हा खुंट नेहमीच्या जंबेरी खुंटापेक्षा चांगला टिकतो आणि पाण्याचा ताणही झेलतो. डोळा मातीपासून वीतभर तरी वर बांधलेला हवा आणि लावल्यावरही वरच राहिला पाहिजे. काळ्या भारी जमिनीत खड्ड्यापेक्षा उंचवट्यावर लावा. आळं दुहेरी करा, खोडाभोवती एक आणि बाहेर दुसरं कडं, पाणी दोन्हींच्या मधे द्या, म्हणजे ते खोडाला शिवत नाही. मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं नको.

सीताफळाला फार जपावं लागत नाही. बालाघाटच्या डोंगरात ते आपोआप येतं, शेळी तोंड लावत नाही. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राची धारूर-6 ही जात मिळाली तर घ्या. पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, पिठासारख्या किडीवर तेवढी नजर ठेवा. जागा मोठी असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबाग फळ संशोधन केंद्राची प्रतिष्ठान जातीची चिंच लावा.

डाळिंबाबाबत मी स्पष्टच सांगतो. भगवा ही जात तेल्याला, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणू रोगाला, हमखास बळी पडते आणि तेल्याला पुरता दाद न देणारी जात बाजारात नाही. शेजारी कुणाची डाळिंबाची बाग असेल तर दारात झाड लावूच नका. आपल्या दुर्लक्षित झाडावरचा तेल्या पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्यानं त्याच्या बागेत जातो.

पेरू घेताना नर्सरीवाल्यासमोरच पिशवी फाडायला सांगा. मुळं पांढरी, मोकळी पसरलेली हवीत. मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची, खूण. ते रोप फुकट दिलं तरी आणू नका. सूत्रकृमी मातीत उतरले की पाठोपाठ मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, येते, आणि त्या जागी पुन्हा लावलेला पेरूही धड जगत नाही.