फोटोत नसलेले किती?

नागपूरच्या शंकरनगर चौकातल्या होर्डिंगवर ‘नीट’ गाजवलेली दहा पोरं हसताना दिसली, की क्लासच्या काउंटरवर एकच विचारा: त्या वर्षी एकूण किती जण बसले होते? चाळीसांतले दहा असतील तर शिकवण्यात दम असू शकतो. दोन हजारांतले दहा असतील तर कौतुक फोटोग्राफरचं. चाळीसच असले तरी, प्रवेश देतानाच हुशार पोरं निवडून घेतली होती का, हेही विचारा. तिथे उत्तर हमखास अडखळतं.

दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी हाच हिशोब मांडला. परतलेल्या बॉम्बर विमानांवर जिथे गोळ्यांच्या खुणा कमी, तिथेच चिलखत वाढवा, असं त्यांच्या गणिताचं सांगणं होतं. कारण तिथे मार बसलेली विमानं परतलीच नव्हती.

विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाकडच्या प्लॉटचंही तसंच. भाव दुप्पट झालेले काका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकवतात. पैसे अडकलेले मामा गपचूप पाटोडी-रस्सा ओरपतात. प्लॉट घ्यायचा असेल तर मामांच्या शेजारी बसा. सातबारा आणि एनएचे (बिगरशेतीचे) कागद तर बघायचेच, ते वेगळं.