बेसबॉल सिम्युलेशनसाठी खेळाडूंचे रेटिंग काढताना या चुका टाळा

बेसबॉलचा जुना हंगाम सिम्युलेशनमध्ये, म्हणजे तो फाशांवर वा संगणकावर पुन्हा खेळवणाऱ्या खेळात, उतरवणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: आकडे तपासून भरले, सूत्रातही खोट दिसत नाही, तरीही खेळात धावांचा पाऊस पडतो किंवा नावाजलेला बॅटर हंगामभर चाचपडत राहतो. माझ्या अनुभवात असा बिघाड बहुतेक वेळा तुलनेत सापडतो. खेळाडू कोणाच्या मानाने किती पुढे वा मागे आहे, याची नोंद म्हणजे रेटिंग. तुलनेचा गट चुकला, किंवा एकच गोष्ट नकळत दोनदा मोजली गेली, की पुढचे सारे गणित ढासळते.

लीगची सरासरी विसरणे

बेसबॉलमध्ये बॅटरची सरासरी म्हणजे हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारे फटके) भागिले अ‍ॅट-बॅट (वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे मिळणारा फुकटचा बेस, वगैरे वगळून बॅटिंगच्या संधी). १९६८ साली कार्ल यास्त्रेम्स्कीने ०.३०१ सरासरीवर अमेरिकन लीगचे बॅटिंगचे, म्हणजे सर्वाधिक सरासरीचे, विजेतेपद मिळवले. अमेरिकन आणि नॅशनल या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉलच्या, म्हणजे मेजर लीगच्या, दोन लीग. १९३० साली नॅशनल लीगमधील सगळ्या बॅटरांची मिळून सरासरी ०.३०३ होती. कच्चे आकडे तसेच वापरले, तर १९६८चा विजेता १९३०च्या सामान्य बॅटरपेक्षाही किंचित कमी ठरतो आणि ते उघडच चूक आहे. १९६८च्या अमेरिकन लीगची सरासरी ०.२३० होती. तिने यास्त्रेम्स्कीच्या सरासरीला भागले, तर १.३१ येतात, १९३०मध्ये ०.४०१ सरासरी राखणाऱ्या बिल टेरीच्या बाबतीत हाच भागाकार १.३२ येतो. म्हणजे, वरवर शंभर गुणांचे (०.१००) अंतर दिसणारे हे दोन बॅटर आपापल्या लीगच्या मानाने जवळपास एकाच उंचीवर उभे आहेत. वेगवेगळ्या काळांतील खेळाडू एकत्र आणायचे असतील, तर हा भागाकार आधी करावा.

बेसबॉलमध्ये खेळाडू जोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २० ते ८० या मापाविषयीचा गैरसमजही याच जातीचा आहे. या मापावर ५० म्हणजे लीगमधील सरासरी खेळाडू, आणि प्रत्येक १० गुण म्हणजे ढोबळमानाने एक प्रमाणित विचलन (खेळाडू सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचे माप). त्यामुळे ६० म्हणजे साठ टक्के नव्हे. खेळाडूंची विभागणी घंटेच्या आकाराची (नॉर्मल) असेल, तर ६० गुणांचा खेळाडू सुमारे ८४ टक्के खेळाडूंच्या पुढे असतो.

चुकीचा छेद

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून ती उदाहरणासह पाहू. एका काल्पनिक बॅटरला ६०० वेळा बॅटिंग मिळाली. त्यात ६० वॉक, १२० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), २४ होम रन (बहुधा मैदानाबाहेर जाणारा, बॅटरला थेट धाव देणारा फटका) आणि १२६ इतर हिट आहेत. तुमचे सिम्युलेशन आधी वॉक ठरवते, मग स्ट्राइकआउट, मग होम रन आणि शेवटी मैदानात पडलेल्या चेंडूचे काय झाले ते ठरवते, असे समजू. मग वॉकचे प्रमाण ६००पैकी ६०, म्हणजे १० टक्के. पण स्ट्राइकआउटचा छेद ५४०, होम रनचा ४२० आणि उरलेल्या हिटचा ३९६. प्रत्येक पायरीवर आधीची पायरी ओलांडून आलेले प्रसंगच मोजायचे असतात. हे लक्षात न घेता सगळ्यांना ६००ने भागले, तर स्ट्राइकआउट २० टक्के आणि होम रन ४ टक्के भरले जातात. खेळ ते उरलेल्या प्रसंगांनाच लावतो आणि हंगामाअखेर १२० ऐवजी १०८ स्ट्राइकआउट, २४ ऐवजी जेमतेम १७ होम रन पडतात. ताकदवान बॅटर सिम्युलेशनमध्ये निस्तेज वाटत असेल, तर प्रथम छेद तपासावा.

फाशांच्या खेळात याच चुकीचे वेगळे रूप दिसते. १९६१ साली आलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये पहिल्या फाशावर १ ते ३ पडल्यास निकाल बॅटरच्या कार्डावरून (प्रत्येक खेळाडूचे संभाव्य निकाल त्याच्या कार्डावर लिहिलेले असतात) आणि ४ ते ६ पडल्यास पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डावरून लागतो. लीगची सरासरी ०.२६० असताना ०.३०० सरासरीच्या बॅटरच्या कार्डावर ०.३०० इतकेच हिट लिहिले, तर निम्मे निकाल सामान्य पिचरच्या कार्डावरून येणार असल्याने तो ०.२८०वर अडकतो. त्याच्या कार्डावर ०.३४० इतके हिट हवेत.

थोड्या सामन्यांवर विश्वास

१९५७मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाच्या बॉब हेझलने १३४ अ‍ॅट-बॅटमध्ये ५४ हिट मारले, सरासरी ०.४०३. मी पहिल्यांदा त्या हंगामाचे रेटिंग काढले, तेव्हा हेझल साऱ्या लीगच्या वर जाऊन बसला होता. प्रत्यक्षात १९५८नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. यावरचा उपाय सोपा आहे: खऱ्या आकड्यांत लीगच्या सरासरीचे काही अ‍ॅट-बॅट मिसळायचे. ०.२६० सरासरीचे ३०० अ‍ॅट-बॅट मिसळले, तर हेझल ०.३०४वर येतो. किती मिसळायचे हे त्या त्या कौशल्यावर ठरते. स्ट्राइकआउटचे प्रमाण लवकर स्थिरावते, मैदानात पडलेल्या चेंडूंवरील हिटचे प्रमाण फार उशिरा. म्हणून सर्वांना एकच आकडा लावू नये. डावखुऱ्या आणि उजव्या पिचरांविरुद्धची वेगळी रेटिंगे काढताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

एकच गोष्ट दोनदा

डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो. तेथील यजमान बॅटरचे कच्चे आकडे रेटिंगमध्ये घेतले आणि सिम्युलेशनमध्येही त्या मैदानाचा परिणाम चालू ठेवला, तर त्याला उंचीचा लाभ दोनदा मिळतो. आकड्यांतून मैदानाचा परिणाम आधी काढावा, पण तो काढताना निम्मे सामने परक्या मैदानांवर झालेले असतात हेही ध्यानात ठेवावे. मैदान धावा २० टक्क्यांनी वाढवत असेल, तर खेळाडूच्या हंगामातून साधारण १० टक्केच वजा व्हायला हवेत. पिचरबाबतही तेच. अर्न्ड रन सरासरीत (क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे झालेल्या सोडून, पिचरने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा) मागच्या क्षेत्ररक्षकांचे कर्तृत्व मिसळलेले असते. क्षेत्ररक्षणाला वेगळे रेटिंग देत असाल, तर पिचरचे मोजमाप मुख्यतः स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन यांवरच करावे.

पडताळणीतील घाई

एकच हंगाम चालवून निष्कर्ष काढू नये. ०.२७० क्षमतेच्या बॅटरला ६०० अ‍ॅट-बॅट मिळाले, तर केवळ योगायोगाने त्याची सरासरी सुमारे १८ गुण इकडे-तिकडे सरकते, आणि ०.२४० हा आकडाही त्यात अशक्य नाही. तोच हंगाम शंभर वेळा चालवावा आणि आधी लीगची बेरीज पाहावी: एकूण धावा, वॉक, स्ट्राइकआउट, होम रन. बेरीजच जुळत नसेल, तर एकेका खेळाडूचे रेटिंग हाताने वरखाली करण्यात अर्थ नाही. छेद आणि लीगची सरासरी यांच्याकडे परत जावे. बेरीज जुळूनही एखादाच खेळाडू शंभर हंगामांत सातत्याने भरकटत असेल, तरच त्याचे रेटिंग हातात घ्यावे.