मुलींची बास्केटबॉल टीम, एक वही आणि वाढतं वय: कमी बोलून कसं जमवायचं

शाळेत नायतर गल्लीतल्या मंडळात मुलींची बास्केटबॉल टीम सुरू करायची म्हणताय, वय पन्नाशीच्या पुढं गेलंय, गुडघे कुरकुरतात आणि शिवाय अधूनमधून काहीतरी लिहावंसं पण वाटतं, असं असेल तर हे तुमच्यासाठी. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, कुठंही असा, बेळगावच्या या पट्ट्यात अडचणी सगळ्यांच्या सारख्याच. आणि माझ्या मते कोचिंग, लिहिणं आणि म्हातारं होणं ही तिन्ही कामं शेवटी एकाच गोष्टीवर येतात, तोंड कधी बंद ठेवायचं ते कळण्यावर. पण ते पुढं, आधी सामान बघूया.

मुलींचा बॉल ६ नंबरचा. दुकानदार ७ नंबरचा गळ्यात मारतो, "सगळे हाच नेतात मॅडम" म्हणून, पण तो मुलांचा, घेऊ नका. बारा वर्षांखालच्या पोरींना ५ नंबर. सिमेंटच्या कोर्टवर रबरचाच बरा, लेदरचा लगेच सोलून निघतो. रिंग ३.०५ मीटरवर असते म्हणजे १० फूट, पण लहान पोरींच्या मिनी बास्केटबॉलला २.६० मीटर असते, आणि तुमच्याकडं खाली करता येणारी रिंग नसणारच, मग भिंतीवर त्या उंचीला खडूनं गोल काढा आणि तिथं मारायला लावा. कारण अंगात ताकद नसताना १० फुटांवर बॉल पोचवायच्या नादात पोरी दोन्ही हातांनी पोटापासून बॉल फेकायला लागतात आणि ती सवय मग मोडता मोडत नाही. कोपर बॉलच्या खाली, मनगट शेवटी रिंगकडं वाकलेलं, सुरुवातीला एवढंच पुरे.

पावसाचं काय सांगू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं कोर्ट हिरवंगार, नुसतं शेवाळ, आणि तालुक्याच्या मॅचेस बरोब्बर त्याच दिवसांत येतात. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, कोरडं झाल्याशिवाय कुणाला पळू द्यायचं नाही. कोर्टच्या कडेला ओलं गोणपाट टाका नायतर सगळी लाल माती बुटांबरोबर आत येते. धो धो असेल तर व्हरांड्यात ड्रिबलिंग आणि भिंतीवर पासिंग, ऑफिसातनं आवाजाची तक्रार येईल, येऊ दे.

आता गुडघे, म्हणजे पोरींचे, माझ्या गुडघ्यांचं नंतर. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि बऱ्याच वेळा तो धक्काबुक्कीत तुटत नाही, उडी मारून खाली येताना नायतर पळता पळता एकदम वळताना तुटतो. गुडघे आतल्या बाजूला, एकमेकांकडं झुकतात ना, तिथंच घोटाळा. म्हणून रोज शूटिंगच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फक्त उतरायला शिकवा, जागेवर उडी आणि दोन्ही पायांवर मऊ उतरायचं, गुडघे वाकलेले, पायाच्या बोटांच्या रेषेत. डोळे मिटून नुसता आवाज ऐका, धप्प असा आला तर चुकीचं उतरलीय, आवाज कमी झाला की बरोबर. मग एका पायावर, मग पळत येऊन जंप स्टॉप, म्हणजे दोन्ही पायांवर एकदम थांबणं, मग पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणं. पोरी कंटाळतात, "टीचर, बास्केट कधी मारायची?" असं म्हणतात, म्हणू देत, यात तडजोड करू नका.

मैदानावर जाण्याआधी एक प्रश्न विचारून घ्या, शाळा सुटल्यावर टॉयलेटची चावी कुणाकडं असते? मी खरंच सांगते, ड्रिल कुठलं घ्यायचं यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. चावी शिपायाकडं आणि शिपाई साडेचारला घरी, मग पोरी पाणीच पीत नाहीत आणि पाचच्या उन्हात चक्कर येऊन बसतात. चावीची एक कॉपी तुमच्याकडं ठेवा. फर्स्ट एडच्या डब्यात बँडेजबरोबर पॅड ठेवा आणि डबा असा ठेवा की न विचारता उघडता येईल. पाळीच्या दिवशी खेळायचं की बसायचं ते तिचं तिला ठरवू दे, तुम्ही कारण विचारू नका. कुणी सारखी दमत असेल तर ओरडायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा. सरावानंतर केळं नायतर शेंगदाणे-गूळ, महागडं काही लागत नाही. बांगड्या, नथणी, कानातलं सगळं काढून ठेवायचं, नखं कापलेली, आणि नागपंचमीला हातभर काचेच्या बांगड्या भरून आलेली असेल तर त्या दिवशी तिला स्कोअरशीटवर बसवा, वाद घालू नका, आई दुखावते.

आईवडिलांचं गणित वेळेवर चालतं. अंधार पडायच्या आत पोरगी घरी पाहिजे, बास. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, आधार कार्ड दाखवायचं आणि झिरो तिकीट घ्यायचं, त्यामुळं खेड्यातल्या पोरींचा बसभाड्याचा प्रश्न बराच सुटला, पण बसची वेळ कुणी बदलत नाही, म्हणून सराव बसच्या टायमिंगला बांधा, उलटं करू नका. कोल्हापूरला मॅच असली की तिकडच्या एसटीत बायकांना हाफ तिकीट. असा हिशोब कागदावर लिहून पालकांना दाखवला की निम्मे "बघू" चे "हो" होतात. खेळून काय होणार असं विचारतात तेव्हा भाषण देऊ नका, मोबाईलवर पुण्याच्या शिरीन लिमयेची मॅच लावून द्या. भारताची कॅप्टन राहिलेली पोरगी, आडनाव ओळखीचं, वडील गप्प बसून बघतात.

आता मुख्य मुद्दा. टाइमआउट, म्हणजे मॅच थांबवून टीमशी बोलायचा वेळ, एक मिनिटाचा असतो, पहिल्या हाफमध्ये २ आणि दुसऱ्यात ३ मिळतात. पोरी धापा टाकत येणार, पाणी पिणार, एकीची लेस सुटलेली, दोघी एकमेकींवर चिडलेल्या, म्हणजे तुमच्या हातात खरा वेळ उरतो पंचवीस-तीस सेकंद. त्यात पाच सूचना दिल्या तर एकही लक्षात राहत नाही. एकच सांगा. "समोरच्या सात नंबरला डावीकडनंच जायला लावा." संपलं. मी बाकीच्या वेळी पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी राहते, म्हणजे आपोआप बोलता येत नाही.

सरावात पण तेच. एक उंच पोरगी होती, डाव्या हाताचं लेअप, म्हणजे पळत येऊन रिंगच्या जवळनं बॉल टाकणं, जमत नव्हतं, प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी बॉल उजव्या हातात घ्यायची. बाजूनं सगळ्या ओरडायलेल्या, डावा हात, डावा हात. मी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला विचारलं, "काय होतंय गं तिथं?" ती बराच वेळ नुसती उभी. मग म्हणाली, "टीचर, माझा पायच चुकतोय, डाव्या पायानं उडी मारतीय मी." हात नव्हताच, पाय होता. डाव्या हाताला उजव्या पायावरनं उडी, हे तिला माहीत होतं पण हाताच्या गोंगाटात पायाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. मग बॉल बाजूला ठेवून नुसती पावलं, चालत, मग पळत, आणि चौथ्या दिवशी बॉल परत हातात. प्रश्न विचारल्यावर गप्प राहायचं हे अवघड जातं, मनात दहापर्यंत आकडे मोजा.

आपल्याकडं अजून एक मजा असते. एक ओरडते "इकडं दे", दुसरी "इल्ली कोडु", तिसरी "इधर दे", आणि चौथी कॉन्व्हेंटची ती इंग्लिशमध्ये. मराठी शाळेतली, कन्नड शाळेतली, उर्दू शाळेतली, मंडळाच्या टीममध्ये सगळ्या असतात. भाषा कुणाचीही बदलायला लावू नका, फक्त चार शब्द सगळ्यांचे सारखे ठेवा, बॉल, स्क्रीन (समोरचीच्या वाटेत आडवं उभं राहणं), मागे, शूट, आणि प्ले, म्हणजे ठरलेले डाव, बोटांनी दाखवा, मूठ म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दुसरा. कुणाच्या बोलण्याला हसलं की दोन राउंड, मग ती कॅप्टन असली तरी. सीमाप्रश्न कोर्टच्या बाहेर, चपलांशेजारी.

वहीचं सांगते. सराव संपला की घरी जायच्या आधी चार ओळी लिहा, तिथंच, कट्ट्यावर बसून. "आज पोरी छान खेळल्या" असलं लिहायचं नाही, ते उद्या वाचून काही कळत नाही. "डावीकडनं जाताना बॉल छातीशी धरतीय", "बारक्या दोघी एकमेकींनाच पास देतात", असं डोळ्यांनी दिसलेलं. पोरींना पण एकेक वही द्या, ज्या भाषेत येतं त्या भाषेत लिहू दे, आठवड्यातनं एकदा मोठ्यानं वाचायचं, कन्नड मला भरभर वाचता येत नाही तर शेजारची वाचून सांगते. ज्या मैदानावर तोंड उघडत नाहीत त्या वहीत बोलतात, हे बघून ठेवा.

आणि लांब लिहायचा मोह आला की नेस्मिथ आठवा. १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथनं हा खेळ काढला, पीचची टोपली बाल्कनीच्या कठड्याला ठोकली, तो कठडा १० फुटांवर होता म्हणून आजही रिंग १० फुटांवर आहे, आणि अख्ख्या खेळाचे १३ नियम टाइप केलेल्या दोन पानांत बसले. पुढच्याच वर्षी, १८९२ ला, सेंडा बेरेन्सननं स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवायला घेतला. दोन पानांत एवढा मोठा खेळ मावतो तर आपला लेख का मावू नये. स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचा आणि पहिला परिच्छेद झाकून बघा, बहुतेक वेळा तो वॉर्मअप असतो, तो लोकांना दाखवायचा नसतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथं मांडवात पोरींना घेऊन बसा, कुठल्या वक्त्याच्या वेळी पोरी चुळबुळ करतात आणि कुठल्या वेळी करत नाहीत ते बघा, लिहिण्याची शिकवणी फुकटात होते.

राहिलं वय. उडी मारून दाखवायचं बंद करा, सिनियर पोरीला दाखवायला लावा, तिला पण भाव मिळतो आणि तुमचा गुडघा वाचतो. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ व्हायला लागतात, स्नायू तर त्याच्या आधीपासूनच कमी होत असतात, म्हणून नुसतं चालून भागत नाही, ताकदीचं काहीतरी पाहिजेच. खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं-बसायचं, भिंतीवर हात ठेवून पुशअप, दात घासताना कट्ट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, हे पोरींच्या वॉर्मअपबरोबरच उरकून टाका, त्या हसतात, हसू देत. वाचायचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात, नायतर स्कोअरशीटवर ३ चा ८ होतो. आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द मैदानावर बंद. आमच्या वेळी काय होतं ते कुणी विचारलं तर सांगायचं, तेही दोन वाक्यांत.

जुन्या पोरींचे फोन येतात, तिथं तर फार जपायला लागतं. एकीचा आला, "टीचर, लग्न ठरालंय, ते म्हणतात खेळ आता पुरे, काय करू?" माझ्याकडं अर्धा तासाचं उत्तर तयार होतं, पण मी विचारलं, "तुला काय पाहिजे ते सांग की." मग ती बोलत राहिली, मी नुसतं हं हं, आणि बोलता बोलता तिनंच ठरवलं की पत्रिका छापायच्या आधी मुलालाच समोरासमोर विचारायचं, मधल्या माणसांकडनं निरोप नकोत. विचारलं. पुढं काय झालं ते तिचं ती सांगेल, माझ्या सांगण्यातलं नाही ते.

टीम कधीतरी दुसऱ्याच्या हातात द्यायचीच आहे, तर एकदम देऊ नका. आधी सीझनभर अर्धा सराव नव्या मुलीला घेऊ द्या, तेव्हा तुम्ही बेंचवर बसायचं नाही, लांब गेटजवळ बसायचं, कारण बेंचवर बसलात की पोरी तिचं ऐकताना तुमच्या तोंडाकडं बघतात. तिनं वेगळं काही शिकवलं तर संध्याकाळी फोन करून सुधारू नका. आणि देताना वही द्या, त्यात पालकांचे नंबर, कुणाला दमा आहे, कुणाचा घोटा आधी मुरगळलाय, शेवटची बस किती वाजता, ब्लीचिंग पावडर कुठल्या दुकानात उधारीवर मिळते, सगळं. टॉयलेटची चावी, पंप, आणि पंपाच्या पिना दोन तरी द्या, एक पहिल्याच आठवड्यात हरवते.